नील स्टीफन्सनच्या जाडजूड कादंबऱ्या: निवडायच्या कशा, वाचायच्या कशा, तडीस न्यायच्या कशा

नील स्टीफन्सन या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्यांबद्दल वाचकांना विचारलं की सहसा दोनच उत्तरं मिळतात. एक, ‘असं दुसरं कुणी लिहूच शकत नाही.’ दोन, ‘संपादकाने तीनशे पानं कापायला हवी होती.’ या दोन मतांमध्ये नवा वाचक अडकतो. समोर नऊशे पानांचा ठोकळा, इंग्रजी दाट, विषय गणितापासून नाण्यांच्या टांकसाळीपर्यंत कुठलाही, आणि वर कुणीतरी सांगतं की पहिली दोनशे पानं कशीबशी काढा, मग मजा आहे.

हा लेख अशा वाचकासाठी आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे. स्टीफन्सनच्या पुस्तकांत एखादी गोष्ट समजावून सांगणं हीच घटना असते. दुसऱ्या कादंबरीत नायक खोलीत शिरतो, भांडण होतं, दार आपटतं. इथे दोन माणसं बसून सायकलच्या साखळीचा हिशेब मांडतात आणि त्या हिशेबातच कथा पुढे सरकते. हे ज्याला रुचतं त्याला पानं कमी पडतात. ज्याला ‘आता पुढे काय झालं’ एवढंच हवं असतं त्याला तीच पानं जाचक वाटतात. त्यामुळे वाचकांची मतं ऐकताना ती देणारा कोणत्या भुकेने पुस्तकाकडे गेला होता, हे आधी ओळखायला हवं.

लेखकाची तोंडओळख

स्टीफन्सनचा जन्म १९५९ चा. वडील विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक, आजोबा भौतिकशास्त्राचे. स्वतः बोस्टन विद्यापीठातून भूगोलाची पदवी घेतली, जोडीला भौतिकशास्त्र. ‘स्नो क्रॅश’ (१९९२) मुळे नाव झालं. ‘मेटाव्हर्स’ हा शब्द त्याच कादंबरीतला. ‘द डायमंड एज’ (१९९५) ला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. पुढे ‘क्रिप्टोनॉमिकॉन’ (१९९९) पासून पुस्तकं जाड होत गेली. ‘क्विकसिल्व्हर’, ‘द कन्फ्यूजन’ आणि ‘द सिस्टिम ऑफ द वर्ल्ड’ (२००३-०४) या तीन खंडांची मिळून ‘बरोक सायकल’ झाली. नंतर ‘ॲनाथेम’ (२००८), ‘रीमडी’ (२०११), ‘सेव्हनइव्ह्ज’ (२०१५), ‘फॉल’ (२०१९) आणि ‘टर्मिनेशन शॉक’ (२०२१). ‘बरोक सायकल’ची अडीच हजारांहून जास्त पानं त्याने फाउंटन पेनने, कागदावर, हाताने लिहिली. वाचकांच्या पत्रांना आपण उत्तरं का देत नाही यावरही त्याचा एक छोटा निबंध आहे. कादंबरीसाठी सलग, न तुटणारा वेळ लागतो, तो तुकड्यातुकड्यांत मिळाला तर कादंबरी होत नाही, असा त्याचा मुद्दा. वाचकालाही हाच नियम लागू पडतो. तो कसा, हे पुढे येईलच.

पहिली पायरी: तक्रारींचा अर्थ लावा

पुस्तक घेण्याआधी लोकांची मतं जरूर वाचा. मात्र ‘आवडलं’ आणि ‘नाही आवडलं’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. तीन गोष्टी शोधा.

वाचक कुठे थांबला? ‘ॲनाथेम’ सोडणारे बहुतेक जण पहिल्या शंभर-दीडशे पानांत सोडतात. ‘सेव्हनइव्ह्ज’ सोडणारे दोन-तृतीयांश पुस्तक आवडीने वाचून तिसऱ्या भागात सोडतात. ‘फॉल’चे वाचक मधोमध गळतात. ही तीन वेगळी दुखणी आहेत. ‘ॲनाथेम’मध्ये अडचण शब्दांची, ‘सेव्हनइव्ह्ज’मध्ये कथेच्या उडीची. ‘फॉल’मध्ये लेखक मेंदूच्या डिजिटल प्रतीपासून सुरुवात करून हळूहळू पुराणकथेच्या प्रदेशात शिरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. त्या मुक्कामात माझाही जीव रमला नाही.

तक्रार माहितीच्या भाराची आहे का? ‘पानंच्या पानं नुसती माहिती’ अशी तक्रार दिसली की त्याच मतात माहितीचा विषय कोणता ते पाहा. विषय तुम्हाला ओढणारा असेल तर ती तक्रार तुमच्यासाठी शिफारस ठरते. एका वाचकाने कक्षीय गतीच्या वर्णनाला कंटाळून पुस्तक मिटलं असेल, तर इस्रोचं प्रक्षेपण थेट पाहणाऱ्या, कक्षा कशी उंचावतात हे समजून घेणाऱ्या वाचकाने तेच पुस्तक आधी उचलावं.

तक्रार माणसांबद्दलची आहे का? ही मात्र गंभीरपणे घ्या. ‘क्रिप्टोनॉमिकॉन’मधल्या बायकांची रेखाटनं उथळ आहेत, त्या बहुतेक पुरुषांच्या नजरेतूनच दिसतात, हा आक्षेप खरा आहे. महायुद्धातल्या सैनिकांच्या तोंडी जपानी लोकांबद्दलची त्या काळातली ओंगळ भाषाही जशीच्या तशी येते. ‘बरोक सायकल’मधली इलायझा आणि ‘सेव्हनइव्ह्ज’मधल्या डायना, आयव्ही या पुष्कळ सरस उतरल्या आहेत. पात्रांच्या मनाचा तळ गाठणारी कादंबरीच तुम्हाला हवी असेल, तर इथे हात आखडता घ्या. स्टीफन्सनची माणसं विचार करताना जिवंत होतात; दुःख करताना तितकी होत नाहीत.

दुसरी पायरी: पहिलं पुस्तक निवडा

बहुतेक जण सांगतात, ‘स्नो क्रॅश’पासून सुरुवात करा, ते लहान आहे. मला हा सल्ला पटत नाही. ‘स्नो क्रॅश’ वेगवान आहे, धमाल आहे, पण जाड पुस्तकांची सवय त्याने लागत नाही. त्यातला वेग डोक्यात ठेवून ‘ॲनाथेम’ उघडलं की अपेक्षाभंग ठरलेलाच. जाड पुस्तकं वाचायची असतील तर जाड पुस्तकानेच सुरुवात करा, फक्त आपल्या आवडीच्या विषयाचं निवडा.

संगणक, गणित, दुसरं महायुद्ध यांपैकी काहीही आवडत असेल तर ‘क्रिप्टोनॉमिकॉन’. नऊशेच्या आसपास पानं आहेत. एक धागा १९४० च्या दशकातला: ब्लेचली पार्क या ब्रिटिश गुप्त केंद्रातले, शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणारे संकेतभेदी, लॉरेन्स वॉटरहाऊस हा गणिती, बॉबी शाफ्टो हा अमेरिकन मरीन, गोटो डेंगो हा जपानी अभियंता. दुसरा धागा १९९० च्या दशकातला: लॉरेन्सचा नातू रँडी आग्नेय आशियात माहिती सुरक्षित ठेवण्याचा धंदा उभा करतोय. माझी पहिली पसंती हीच.

अवकाश आणि अभियांत्रिकी आवडत असेल तर ‘सेव्हनइव्ह्ज’. पहिल्याच वाक्यात चंद्र फुटतो. का फुटला, हे पुस्तकभर सांगितलेलं नाही, आणि त्याने काही अडत नाही. साधारण दोन वर्षांत चंद्राचे तुकडे पृथ्वीवर कोसळू लागणार आणि हजारो वर्षं कोसळत राहणार, हे शास्त्रज्ञांच्या लक्षात येतं. मग आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाभोवती जमेल तितकी माणसं वाचवायची धडपड सुरू होते. २०१६ च्या उन्हाळ्यात बिल गेट्स आणि बराक ओबामा या दोघांच्याही वाचन-यादीत हे पुस्तक होतं. नवख्या वाचकाला धरून ठेवण्यात याचा हात दुसरं कुठलं पुस्तक धरणार नाही.

तत्त्वज्ञान, भूमिती आणि ‘ज्ञान टिकतं कसं’ या प्रश्नाचं वेड असेल तर ‘ॲनाथेम’. भिंतींच्या आत राहणारे विद्वान, त्यांच्यातले काही वर्षातून एकदा, काही दहा वर्षांतून, काही शंभर आणि काही हजार वर्षांतून एकदाच बाहेरच्या जगाला दार उघडतात. दहा हजार वर्षं चालेल असं घड्याळ बांधणाऱ्या अमेरिकेतल्या ‘लाँग नाउ’ प्रकल्पातून ही कल्पना स्फुरली.

न्यूटन, लाइब्निझ, रॉयल सोसायटी, बँका आणि नाणी यांत रस असेल तर ‘बरोक सायकल’, पण पहिलं पुस्तक म्हणून नको. दुसरं एखादं पचवून मग या. मराठी वाचकाला यात एक वेगळं आकर्षण आहे. मधल्या खंडात जॅक शाफ्टो फिरत फिरत मुघलकाळातल्या हिंदुस्थानात येतो. अहमदाबादचा प्राण्यांचा दवाखाना, मलबारची चाच्यांची राणी, वाटेत मराठे. आपलं सतरावं शतक एका परक्या भटक्याच्या डोळ्यांतून पाहायला मिळतं, आणि लेखकाने कल्पनेला मोकळं सोडलं आहे हे लक्षात ठेवून वाचलं तर मजा येते.

पावसाळ्याची चिंता करणाऱ्या वाचकाने ‘टर्मिनेशन शॉक’ही मनात ठेवावं. टेक्ससमधला एक अब्जाधीश वातावरणात गंधक सोडून पृथ्वी थंड करायला निघतो, आणि त्याचा परिणाम पंजाबातल्या मान्सूनवर काय होईल हा प्रश्न थेट कथेत येतो. लक्स नावाचा कॅनडात वाढलेला शीख तरुण भारत-चीन ताबारेषेवर लाठ्या-काठ्यांच्या लढाईत उतरतो. या जाड पुस्तकांत हे त्यातल्या त्यात हलकं आहे.

तिसरी पायरी: कागद, पडदा की कान

छापील पुस्तकाचं वजन हातात बाळगणं छान वाटतं, पण लोकलमध्ये उभ्याने नऊशे पानी ठोकळा धरून वाचणं शक्य नाही. इंग्रजी ही आपली दुसरी किंवा तिसरी भाषा असेल तर पहिल्या वाचनाला ई-बुक घ्या. शब्दावर बोट ठेवलं की अर्थ मिळतो हा फायदा आहेच. त्याहून मोठा फायदा शोधण्याचा. सहाशेव्या पानावर एक नाव येतं आणि ते आधी कुठे भेटलं होतं ते आठवत नाही, हे स्टीफन्सन वाचताना हमखास होतं. नाव टाइप करून मागचा उल्लेख शोधला की दहा सेकंदांत गाडी रुळावर येते.

एक अपवाद ‘ॲनाथेम’चा. त्यात शेवटी शब्दसूची आहे आणि गणिताची परिशिष्टं आहेत; सतत मागे-पुढे जावं लागतं. छापील प्रत असेल तर शब्दसूचीच्या पानात एक खूणपट्टी कायमची ठेवून द्या.

ऐकायचं असेल तर ‘सेव्हनइव्ह्ज’चं ध्वनिपुस्तक उत्तम आहे. पहिले दोन भाग मेरी रॉबिनेट कोवाल वाचते आणि तिसऱ्या भागाला आवाज बदलून विल डॅमरॉन येतो. आवाजाच्या त्या बदलाने कथेतली उडी कानाला आपोआप समजते. ‘क्रिप्टोनॉमिकॉन’ मात्र पहिल्या वेळी कानाने ऐकू नका. त्यात सूत्रं आहेत, आलेख आहेत, एक संगणकीय प्रोग्रामसुद्धा आहे.

चौथी पायरी: पहिली शंभर पानं

इथेच बहुतेक वाचक हात टेकतात, म्हणून या टप्प्याची आखणी आधी करा. पहिली शंभर पानं रोज दहा-दहा करून वाचू नका. शनिवार-रविवार मोकळा काढा आणि दोन-तीन बैठकींत ती संपवा. स्टीफन्सन सुरुवातीला ओळख करून देत नाही, सरळ मध्यात नेऊन सोडतो. दहा पानं वाचून दोन दिवस सोडलं की पुन्हा सगळं परकं होतं. सलग वाचलं तर त्या जगाची भाषा कानावर पडत राहते आणि आपोआप मुरते.

‘ॲनाथेम’चं पहिलंच पान घ्या. फ्रा ओरोलो नावाचा एक विद्वान बाहेरून आलेल्या कारागिराला एका जुन्या प्रश्नावलीतून विचारतो, तुमचे शेजारी एकमेकांना जिवंत जाळतात का? कारागीर गोंधळतो, आपणही गोंधळतो. थोडं पुढे गेल्यावर उलगडतं की भिंतीआडची ही माणसं दहा वर्षांनी दार उघडणार आहेत आणि बाहेरचं जग कितपत रानटी झालंय याचा अंदाज घेत आहेत. हे उलगडलं की तो विचित्र प्रश्न भयानक होतो. पण त्यासाठी न समजलेल्या चार गोष्टी तशाच मनात धरून पुढे जायची तयारी हवी. प्रत्येक अनोळखी शब्दाला शब्दसूची उघडली तर वाचन होतच नाही. माझी पद्धत अशी: शब्द तीनदा भेटूनही कळला नाही तरच सूची उघडायची. आपण लहानपणी मोठ्यांच्या गप्पा ऐकत भाषा शिकलो ती अशीच.

‘क्रिप्टोनॉमिकॉन’मध्ये अडचण निराळी. प्रकरण संपलं की माणूस बदलतो, देश बदलतो, दशक बदलतं. एक कोरा कागद घ्या आणि चार रकाने आखा: लॉरेन्स, बॉबी, गोटो, रँडी. प्रत्येक प्रकरण संपल्यावर ज्याचं असेल त्याच्या रकान्यात एकच ओळ लिहा: कुठे आहे, कशामागे आहे. बस्स. दोनशे पानांनंतर या कागदाची गरज उरत नाही, पण तोवर तो पुस्तक हातातून सुटू देत नाही.

पाचवी पायरी: समजावणाऱ्या पानांशी दोन हात

सगळ्या वादाचं मूळ इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

‘क्रिप्टोनॉमिकॉन’मध्ये ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणिती संकेतभेद्याची सायकल आहे. तिच्या चाकाचा एक आरा वाकलाय आणि साखळीची एक कडी कमजोर आहे. वाकलेला आरा ठरावीक जागी आला आणि त्याच क्षणी ती कडीही तिथे आली, तर साखळी निसटते. प्रत्यक्षातल्या ट्युरिंगबद्दलही अशा सायकलीचा किस्सा सांगितला जातो. तो फेरे मोजायचा आणि साखळी पडायच्या आत उतरून ती सावरायचा. अनेक वाचक ही पानं भरभर उलटतात. उलटू नका, पेन्सिल घ्या.

समजा मागच्या चक्राला २० दाते आहेत आणि साखळीला १०० कड्या. चक्र पाचदा फिरलं की साखळीचा बरोबर एक फेरा होतो आणि सगळं पहिल्या जागी येतं. म्हणजे आरा आणि कडी एक तर दर पाच फेऱ्यांना भेटणार, नाही तर कधीच भेटणार नाहीत. सुरुवात कुठून झाली यावर ते ठरणार. आता साखळीत एकच कडी वाढवा, १०१ करा. २० आणि १०१ यांना समान विभाजक नाही. आता ती दोघं भेटणार हे नक्की, पण चाकाच्या १०१ फेऱ्यांतून एकदाच. एका कडीने पाचाचे एकशे एक झाले.

संदेश सांकेतिक करणाऱ्या जर्मनांच्या एनिग्मा यंत्रात अशीच चाकं होती. तीन चाकं, प्रत्येकावर २६ अक्षरं, म्हणजे १७,५७६ स्थिती. तीच मांडणी पुन्हा यायला जितका वेळ जास्त, तितका संकेत फोडणं अवघड. सायकल समजली की यंत्र समजतं, आणि यंत्र समजलं की पुढची सहाशे पानं लोक कशासाठी मरतायत ते समजतं. हे विषयांतर वाटलं तरी कथेची किल्ली तेच आहे.

या सगळ्यातून पुढचा प्रसंग निघतो. संकेत फुटलाय, शत्रूची जहाजं कुठे आहेत ते माहीत आहे. पण प्रत्येक जहाज अचूक बुडवलं तर शत्रूला संशय येणार. मग मुद्दाम एक टेहळणी विमान पाठवायचं, ते शत्रूला दिसू द्यायचं, आणि मगच हल्ला करायचा. युद्धात खरंच असं केलं जात होतं. कादंबरीतली २७०२ क्रमांकाची तुकडी याच कामासाठी आहे: जे आधीच माहीत आहे ते कळण्याची खोटी कारणं तयार करायची. आपल्याला जे माहीत आहे ते माहीत नसल्यासारखं वागायला किती बुद्धी आणि किती रक्त लागतं, हे मला दुसऱ्या कुठल्या कादंबरीने इतकं स्वच्छ दाखवलेलं नाही. सायकलची पानं गाळलेल्या वाचकाला ही तुकडी नुसता विनोदी गोंधळ वाटते.

‘सेव्हनइव्ह्ज’मध्ये हीच गोष्ट कक्षांची. पुढे चाललेल्या यानाला गाठायचं असेल तर वेग वाढवायचा, असं आपलं रस्त्यावरचं ज्ञान सांगतं. कक्षेत उलटं आहे. वेग कमी केला की यान खालच्या कक्षेत उतरतं, खालची कक्षा लहान आणि तिथला वेग जास्त, म्हणून ते पुढच्याला गाठतं. एका कागदावर पृथ्वीभोवती दोन वर्तुळं काढून ठेवा आणि इंधनाचा, उंचीचा निर्णय आला की त्याकडे पाहा. त्यातल्या माणसांना ‘आता जोर लावू’ असं करता येत नाही, हे कळलं की थरार दुप्पट होतो.

मग सगळंच वाचायचं का? नाही. ‘क्रिप्टोनॉमिकॉन’मध्ये रँडी कॅप्टन क्रंच नावाचं सीरियल दुधात मऊ पडायच्या आत कसं खावं याचं सविस्तर तंत्र सांगतो. कथेला त्याची गरज नाही. ज्यांना आवडतं ते त्यावर जीव टाकतात, न आवडलं तर पुढे जा. ‘ॲनाथेम’ची परिशिष्टं पहिल्या वाचनात टाळली तरी चालतील. त्यातलं पहिलं, चौरसाचं क्षेत्रफळ दुप्पट कसं करायचं हे, शाळकरी मुलासोबत कागदावर करून पाहण्यासारखं आहे. संवादातून शिकवायची ती जुनी ग्रीक रीत आहे. ‘बरोक सायकल’मधल्या सरदारांच्या वंशावळी आणि दरबारी पत्रव्यवहार डोळ्यांखालून घातला तरी पुरे.

गाळायचं की नाही हे ठरवायला एकच कसोटी वापरा. त्या पानांवर कुणी काही शोधून काढतंय का? शोधत असेल तर थांबा. नुसतं वर्णन असेल तर पुढे जा.

एक प्रसंग मात्र कुणीही गाळू नये. ‘क्रिप्टोनॉमिकॉन’मध्ये वॉटरहाऊस घराण्यात आजीच्या सामानाची वाटणी निघते. कुणी रुसतं, कुणी जुन्या गोष्टी उकरतं, आपल्याकडे होतं तेच. घरातली गणिती मंडळी तोडगा काढतात. एका मोकळ्या पार्किंगच्या जागेत दोन अक्ष आखायचे, एकावर वस्तूची पैशातली किंमत, दुसऱ्यावर मनातली किंमत. ज्याने त्याने आपल्या भावनेप्रमाणे कपाटं, टेबलं त्या पटावर हलवायची. मग सगळ्यांना सारखं समाधान मिळेल अशी विभागणी गणिताने करायची. भांडी-दागिन्यांवरून भावंडं दुरावलेली ज्याने पाहिली आहेत त्याला हा प्रसंग हसवतो आणि आतून हलवतोही. स्टीफन्सनला भावना कळत नाहीत म्हणणाऱ्यांना मी हेच प्रकरण वाचायला देतो.

सहावी पायरी: वेग, खंड आणि सोडून देण्याचा हक्क

पहिल्या शंभर पानांनंतर रोज वीस-पंचवीस पानं पुरेशी आहेत. या हिशेबाने मोठं पुस्तकही दीड महिन्यात संपतं. मध्ये दुसरी कादंबरी सुरू करू नका. कविता, लेख, दिवाळी अंकातल्या कथा चालतील.

सोडून द्यायचं असेल तर कधी? ‘सेव्हनइव्ह्ज’ शंभर पानांत आवडलं नाही तर पुढेही आवडणार नाही. ‘क्रिप्टोनॉमिकॉन’ला दीडशे पानं द्या. ‘ॲनाथेम’ला दोनशे, कारण तिथवर कथा भिंतीच्या आत आहे आणि नंतर ती बाहेर पडते. एवढं देऊनही ओढ लागली नाही तर निर्धास्त सोडा. ‘रीमडी’ला हा नियम लावायची वेळ बहुधा येणार नाही, हजारावर पानं असूनही ते पाठलागाचं पुस्तक आहे, फक्त पुढे पुढे पळतं.

सातवी पायरी: शेवटाची तयारी

‘शेवट गुंडाळला’ ही स्टीफन्सनबद्दलची सर्वांत जुनी तक्रार आहे आणि तिच्यात तथ्य आहे. ‘स्नो क्रॅश’, ‘द डायमंड एज’, ‘क्रिप्टोनॉमिकॉन’ ही तिन्ही पुस्तकं सगळे धागे हातात असताना अचानक थांबतात. यावर उपाय म्हणजे शेवटची शंभर पानं एकाच दिवशी वाचा. तुकड्यांत वाचली तर थांबणं जास्त बोचतं. ‘ॲनाथेम’ आणि ‘द सिस्टिम ऑफ द वर्ल्ड’ यांचे शेवट भरीव आहेत, तिथे ही भीती नको.

‘सेव्हनइव्ह्ज’ची गोष्ट वेगळी. तिसरा भाग पाच हजार वर्षांनंतर सुरू होतो. ज्यांच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ती माणसं उरलेली नसतात आणि नव्या जगाची यंत्रं, वंश, राजकारण समजावण्यात पानं जातात. चिडलेल्या वाचकांचं दुःख मी समजू शकतो. माझा सल्ला असा: दुसरा भाग संपला की पुस्तक मिटा. पंधरा-वीस दिवस जाऊ द्या. झालेल्या हानीचा शोक ओसरू द्या. मग तिसरा भाग नवीन पुस्तक म्हणून उघडा. आधीच्या माणसांच्या लहानसहान स्वभावखुणा पुढच्या लोकांच्या पुराणांत, वंशांच्या नावांत आणि चालीरीतींत कशा उतरल्यात हे तेव्हा दिसतं. सलग वाचणाऱ्याला ते दिसत नाही, कारण तो अजून मागच्यांना शोधत असतो.

आठवी पायरी: सोबत

शक्य असेल तर एकट्याने वाचू नका. दोघं पुरेत, एक गणिताकडे ओढ असलेला आणि एक इतिहासाकडे. आठवड्यातून एकदा फोनवर अर्धा तास बोला. चर्चेला ‘आवडलं का’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. ‘या आठवड्यात तुला काय नव्याने कळलं’ असं विचारा. परदेशात शिकणाऱ्या भाचीबरोबर किंवा पुण्यातल्या निवृत्त अभियंता काकांबरोबर असं वाचन छान जमतं. पिढ्यांचं अंतर इथे उपयोगी पडतं. काकांना नळ्यांचे रेडिओ आठवतात, भाचीला संकेतलेखन येतं.

मराठी विज्ञानकथेवर वाढलेल्या वाचकाला एक गोष्ट सांगून ठेवतो. जयंत नारळीकरांनी आपल्याला आटोपशीर कथेची सवय लावली: एक वैज्ञानिक कल्पना, एक पेच, एक उलगडा. ती सवय मौल्यवान आहे. स्टीफन्सन वाचताना ती मोडायची गरज नाही, मोजमाप तेवढं बदला. संपूर्ण पुस्तकाला एक कथा समजू नका. प्रत्येक प्रकरण आटोपशीर कथेसारखं वाचा. त्यात एक कल्पना, एक पेच असतोच.

पुढे काय

एक पुस्तक तडीस गेलं की दुसरं लगेच घेऊ नका. मधल्या काळात त्याचा १९९६ मधला समुद्राखालच्या केबलींवरचा लांब लेख, ‘मदर अर्थ मदर बोर्ड’, वाचा. इंग्लंडपासून जपानपर्यंत टाकल्या जाणाऱ्या ‘फ्लॅग’ या केबलीचा माग काढत तो देशोदेशी हिंडला. हीच केबल मुंबईलाही किनाऱ्यावर येते. कादंबरीतली समजावण्याची हौस इथे खऱ्या माणसांवर आणि खऱ्या यंत्रांवर चालते, आणि ‘क्रिप्टोनॉमिकॉन’मधली केबलींची प्रकरणं कुठून आली तेही कळतं.

त्यानंतरचा क्रम मी असा लावेन: ‘क्रिप्टोनॉमिकॉन’ आवडलं असेल तर ‘बरोक सायकल’, कारण वॉटरहाऊस आणि शाफ्टो या घराण्यांचे पूर्वज तिथे भेटतात आणि इनॉक रूट हा गूढ माणूस दोन्हीकडे आहे. तीन खंडांत मिळून आठ ‘पुस्तकं’ आहेत. प्रत्येक पुस्तकानंतर थांबा घ्या, खंड संपायची वाट पाहू नका. ‘सेव्हनइव्ह्ज’ आवडलं असेल तर ‘ॲनाथेम’. ‘टर्मिनेशन शॉक’ आवडलं असेल तर ‘रीमडी’. ‘फॉल’ सगळ्यात शेवटी, आणि तेही ‘रीमडी’ वाचून झाल्यावरच, कारण रिचर्ड फोर्थ्रास्ट दोन्हींत आहे. २०२४ मध्ये आलेलं ‘पोलोस्तान’ त्याच्या मानाने बारीक आहे, पण ते नव्या मालिकेचा पहिलाच भाग आहे. अर्धवट गोष्टीची चुटपुट सहन होत नसेल तर पुढचे भाग येईपर्यंत ते बाजूला ठेवा.